क्रॉस ट्रेनरवर दहा-बारा मिनिटांत उजव्या पायाची बोटं बधीर होतात

रानजाई

घरी इलिप्टिकल आहे, दुकानदार ज्याला क्रॉस ट्रेनर म्हणतात ते, उभ्याने पेडल फिरवायचं व्यायामाचं मशीन. आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० मिनिटं, रेझिस्टन्स ८ पैकी ५ वर. दहाव्या-अकराव्या मिनिटाला उजव्या चवड्यात मुंग्या सुरू होतात. मग मधलं बोट आणि करंगळीच्या आधीचं बोट अशी दोन्ही बधीर होतात, जणू बोटांच्या खाली मोजा गोळा झालाय. पंधराव्या मिनिटानंतर डाव्या पायातही थोडं जाणवतं. खाली उतरून दोन-तीन मिनिटं घरात फिरलं की सगळं जातं. बाहेर चालायला गेलं तर पाऊण तासातही असं होत नाही.

वय ४६, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७४ किलो. घरात पादत्राणं घालायची सवय नाही, म्हणून आधी अनवाणीच करत होते. तेव्हा अख्खा चवडा दुखायचा, पेडलच्या रेघा तळव्यावर उमटायच्या. आता मुलाचे जुने स्पोर्ट शूज घालते. ते एक नंबर मोठे आहेत म्हणून लेस करकचून बांधते. शाकाहारी आहे. शुगर दोन वर्षांपूर्वी नॉर्मल होती. कंबर अधूनमधून धरते.

प्रश्न तीन: मशीन काढून टाकावं का? जेलचे इनसोल घेऊन भागेल का? आणि डॉक्टरांकडे जायचंच तर कोणत्या?

चौथी_पायरी

मशीन काढायची घाई नको. तुमच्या वर्णनातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे चालताना पाऊण तासातही काही होत नाही, हे.

चालताना एका पावलाच्या चक्रात साधारण ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असतं आणि ४० टक्के वेळ हवेत. हवेत असताना चवड्यावरचा भार पूर्ण सुटतो, बोटं मोकळी होतात, दबलेल्या मज्जातंतूला पुन्हा नीट रक्त मिळतं. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पेडलवरून उठतच नाही. गुडघ्याला धक्का बसू नये म्हणून आपण हे मशीन घरी आणतो, पण धक्का नाही तशी उसंतही नाही. मिनिटाला ५० फेरे धरले तरी अकराव्या मिनिटापर्यंत त्याच जागेवर साडेपाचशे वेळा दाब आलेला असतो, आणि मधे एकदाही तो शून्यावर गेलेला नसतो. त्यात व्यायामाने पाऊल थोडं फुगतं. बूट फुगत नाही.

आता जागा. चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि शेजारशेजारच्या हाडांमधून बोटांकडे तंतू जातात. तिसऱ्या आणि चौथ्या हाडाच्या मधला तंतू सगळ्यात जास्त वेळा चिमटतो, आणि तुमची नेमकी तीच दोन बोटं बधीर होतात. वर्षानुवर्षं दबून हा तंतू जाड झाला तर त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. तुमचं तिथवर गेलंय असं म्हणायला अजून काही आधार नाही, पण घरी तपासता येईल. खुर्चीत बसा, उजवं पाऊल डाव्या मांडीवर घ्या. एका हाताने चवडा दोन्ही कडांनी दाबून धरा, घट्ट बूट दाबतो तसा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्याकडून आणि तर्जनी वरून, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या खाचेच्या जरा मागे ठेवून चिमटीत दाबा. नुसतं दडपल्यासारखं वाटलं तर ठीक. बोटांच्या टोकापर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली, किंवा आत काहीतरी टक् करून सरकलं, तर ऑर्थोपेडिककडे दाखवून त्या जागेची सोनोग्राफी करायची का ते विचारा.

हा धागा पुढे इतरही वाचतील, म्हणून बाकीच्या जागाही सांगतो. पावलाच्या वरच्या बाजूला, विशेषतः अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या खाचेत बधीर वाटलं तर पहिला संशय लेसवर. तिथे तंतू कातडीखाली लगेच हाडावर असतो, गाठीखाली सहज सापडतो. तळव्यात जळजळ आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने टिचक्या मारल्या की झिणझिण्या, हे टार्सल टनेल, म्हणजे घोट्याजवळ तंतू दबणं. करंगळी आणि पावलाची बाहेरची कड बधीर होत असेल तर पाय पेडलच्या बाहेरच्या काठावर रेलतोय का बघा. तसं नसेल आणि मांडीमागून कळ उतरत असेल तर उगम कमरेत असू शकतो. नडगीची बाहेरची बाजू दर वेळी ठरावीक मिनिटाला दगडासारखी ताठ होत असेल, पाऊल वर उचलायला जड जात असेल आणि थांबल्यावर ओसरत असेल, तर ते स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढल्याचं लक्षण. तिथे बूट बदलून काही होत नाही.

आता मशीनवर काय करायचं.

पाऊल पेडलवर कुठे ठेवता ते बघा. बहुतेक जण पुढच्या कठड्याला बोटं भिडवून उभे राहतात. बोटं आणि कठडा यांच्यात निदान दोन बोटांची जागा ठेवा. टाच पेडलवर टेकलेली हवी. फेऱ्याच्या मागच्या टोकाला ती थोडी उचलली जाणारच, पण पुढे येताना परत टेकली पाहिजे. ती पूर्ण वेळ अधांतरी राहत असेल तर तुम्ही अर्धा तास चवड्यावर उभ्या आहात.

हँडल ओढताना छाती पुढे जाते का? आरशात बाजूने पाहा, नाहीतर घरच्या कुणाला मोबाइलवर एक मिनिटाचं शूटिंग करायला सांगा. कंबर टाचांच्या वर हवी. हँडलवर भार टाकून पुढे झुकलं की सगळं वजन चवड्यावर येतं.

आणि बोटं. मोठ्या बुटात पाय सरकू नये म्हणून बोटं आपोआप आत वळून तळ पकडतात. मालकाला पत्ताही नसतो. दर तीन मिनिटांनी बोटं पसरायची, पाच वेळा हलवायची. दर पाच मिनिटांनी एक मिनिट उलटं फिरवा, रेझिस्टन्स दोनने उतरवून. उलटं फिरवताना शरीर जरा बसतं आणि वजन टाचेकडे जातं. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर मात्र उलटं नको.

बधीर व्हायची वाट बघू नका. अकराव्याला होतं ना, मग आठव्या मिनिटाला उतरा, ४० सेकंद घरात चाला, परत चढा. ८ अधिक ८ अधिक ८ अधिक ६ असे चार तुकडे. व्यायामात काहीही कमी होत नाही.

बेअरिंग

वरचं सगळं बरोबर, पण मशीनकडे कुणी बघितलंच नाही. एका पायाला आधी आणि जास्त होतंय म्हटल्यावर मशीनची डावी-उजवी बाजू सारखी आहे का हे पहिल्यांदा बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

१. घरगुती मशीनमध्ये पेडलची पाटी दांड्यावर बोल्टने बसवलेली असते आणि बऱ्याच मशीनला पुढे-मागे अशी दोन-तीन भोकं असतात. जोडणारा माणूस घाईत असला की एक पाटी पुढच्या भोकात आणि दुसरी मधल्या भोकात बसते. टेप घेऊन दोन्ही पाट्यांच्या पुढच्या काठापासून दांड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर मोजा. फरक असेल तर बोल्ट काढून सारखं करा.

२. पेडल हाताने धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. किंचित हलणं चालतं. खटखट आवाज करत कलत असेल तर बोल्ट ढिला आहे किंवा सांध्यातला बुश (आतली छोटी नळी) झिजलाय. कलणाऱ्या पाटीवर पाय स्थिर ठेवायला बोटं सतत आवळली जातात, मग वर सांगितलेलं सगळं सुरू. बोल्ट मशीनसोबत आलेल्या एल-कीने आवळा. बुश झिजला असेल तर तो बदलायचाच. आवळून आवळून बोल्टचे आटे खाऊ नका.

३. मशीन जमिनीवर चारही पायांनी बसलंय का? मशीन बंद असताना एका पुढच्या कोपऱ्यावर आणि तिरक्या मागच्या कोपऱ्यावर आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर खालची फिरकीची पावलं फिरवून उंची जुळवा आणि वरचा चेकनट (फिरकी हलू न देणारा नट) परत घट्ट करा. फरशीचा उतार मोरीकडे किंवा गॅलरीकडे असतो, हे लोक विसरतात. गॅलरीत ठेवलेलं मशीन हमखास एका बाजूला कललेलं असतं. खालच्या बाजूच्या पायावर जास्त भार येतो.

४. मागच्या बाजूला रुळावर चाकं धावत असतील तर दोन्ही चाकांवर केस आणि धूळ गुंडाळली आहे का बघा. एक चाक अडखळलं की त्या बाजूला दर फेऱ्याला बारीक धक्का बसतो. कोरड्या फडक्याने पुसा. चाकांना खाद्यतेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावू नका, त्यावर धूळ बसून लगदा होतो.

आता मोठा मुद्दा, स्ट्राइडची लांबी. मोजायची पद्धत: एक पेडल सगळ्यात पुढे न्या, पाटीचं टोक जिथे येतं तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. मग तेच पेडल सगळ्यात मागे नेऊन दुसरी पट्टी. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे स्ट्राइड. स्वस्त घरगुती मशीनमध्ये हे १२ ते १४ इंच निघतं, जिममधल्या मशीनवर १८ ते २१. तुमच्या उंचीला ढोबळ मानाने १७-१८ हवं. १४ इंचात पावलं पुढे-मागे कमी जातात आणि वर-खाली जास्त, जिना चढल्यासारखं होतं, टाच उचलली जाते. स्ट्राइड बदलता येत नाही. पण चढ देता येत असेल तर तो अगदी खाली ठेवा. आणि रेझिस्टन्स ५ वरून ३ वर आणा, फेरे ५० चे ६० करा. दम तेवढाच लागेल, पण दर फेऱ्याला पायाने द्यावा लागणारा जोर कमी होईल.

फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, पुढे की मागे, यावर दुकानदार बरंच बोलतात. पुढे असलेल्या बऱ्याच मशीनवर शरीर पुढे झुकतं, मागे असलेल्यांवर फेरा चपटा येतो. पण हा विकत घेतानाचा विचार. घरात आलेल्या मशीनवर आता त्याचा काथ्याकूट करून उपयोग नाही.

कट्टेकरी

एवढं कशाला करताय. जुनी योगा मॅट कापून पेडलवर चिकटवा आणि महिनाभर नसांच्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घ्या. केमिस्टकडे मिळतात. मुंग्या बंद.

बेअरिंग

मॅट चिकटवायची असेल तर पातळ आणि कडक, ३ मिमीची रबर शीट. योगा मॅटचा फोम ७४ किलोखाली दबतो, पाय त्यात डुगडुगतो. शिवाय दुहेरी टेप घामाने सुटते आणि मॅट पायाखालून सरकते, चालत्या पेडलवर. नको.

स्टेथो

गोळ्यांबद्दल जरा थांबा.

शाकाहारी माणसाला मुंग्या येत असतील तर बी१२ तपासणं योग्यच आहे, पण तपासणी आधी, गोळ्या नंतर. आधीच गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा वर जातो आणि मुळात कमतरता होती की नाही ते कळायला मार्ग राहत नाही. आकडा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० ही काठावरची जागा, तिथे डॉक्टर लक्षणं बघून किंवा आणखी एखादी तपासणी करून ठरवतात. दुसरं, 'नसांच्या गोळ्या' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत बी६ असतं, आणि बी६ जास्त मात्रेने बराच काळ घेतलं तर त्यानेच हातापायांत बधीरपणा येतो. मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीने मुंग्या वाढल्या तर दोष कुणाला देणार? डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने चालू ठेवायची ही गोष्ट नाही.

रानजाई, तुमचं वर्णन दाबाचं आहे, रक्तातल्या कमतरतेचं नाही. शरीरभरच्या कारणाने येणारा बधीरपणा बहुधा दोन्ही पायांत सारखा असतो, बोटांच्या टोकांपासून मोज्यासारखा वर चढतो, रात्री पडल्यावरही जाणवतो, आणि मशीनवरून उतरल्यावर तीन मिनिटांत पळून जात नाही. तरीही चाळिशीनंतर आणि शाकाहारी असताना एकदा बी१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि टीएसएच (थायरॉइड) करून घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वीची शुगर आजची धरू नका. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर गेलं तर पुन्हा तपासून मधुमेह. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ उतरतं, हेही वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ज्यांना मधुमेह आहेच त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. अनवाणी क्रॉस ट्रेनर करू नका. संवेदना कमी झालेल्या पायाला पेडलच्या रेघेने फोड आला तर तो कळत नाही. व्यायामानंतर दोन्ही तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या, बोटांच्या बेचक्यांसकट. वर्षातून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या. डॉक्टर १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याला टोचून बघतात, पाच मिनिटांचं काम असतं.

आता थांबायचं कधी. उतरल्यावर अर्ध्या तासातही बधीरपणा गेला नाही. बसल्या जागी किंवा झोपेत येऊ लागला. चालताना पाऊल फरशीवर चपकन आपटतं किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. व्यायाम करताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर सुटतो, त्यातून माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल. या सगळ्यांत त्या आठवड्यातच दाखवा. आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं ते यासाठी: जांघेत आणि बसायच्या जागी बधीरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, एकाच बाजूचा हात-पाय-चेहरा अचानक बधीर, पाऊल अचानक गार आणि पांढरट किंवा निळसर पडून दुखणं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वरचं काही नसेल तर आधी फॅमिली डॉक्टर आणि फिजिओ. चिमटीच्या चाचणीत वीज गेली तर ऑर्थोपेडिक. न्यूरोलॉजिस्टची आत्ता गरज दिसत नाही.

सुकतळा

बुटांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. मुलाचा एक नंबर मोठा बूट करकचून बांधणं, हे लहान बूट घालण्याइतकंच वाईट. बूट लांबीला मोठा असला तरी खालच्या भोकांतली लेस आवळल्यावर चवडा दोन्ही बाजूंनी चेपला जातोच, म्हणजे तुमच्या तिसऱ्या-चौथ्या हाडांची फट बंद. वर पाय पुढे सरकतो तो वेगळाच.

बुटातला आतला तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर अनवाणी उभ्या राहा. चवडा कडेच्या बाहेर सांडतोय का? सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, लेस कशीही बांधा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. जुन्या बुटाचा आतला तळ हातात घेऊन उजेडात बघा: चवड्याखाली खळगा पडला असेल तर मुलाच्या पायाचा साचा तयार झालाय आणि तुमचा पाय त्यात बसवताय.

घरात बूट नको हा मुद्दा मला पटतो. त्यावर तोडगा म्हणजे एक जोडी फक्त मशीनची. ती कधी उंबऱ्याबाहेर जायची नाही, मशीनशेजारीच राहील. महाग नको. बघायचं एवढंच: पुढचा भाग रुंद, तळ मधे सहज न मुडपणारा, टाच फार उंच नाही. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक जेवढा कमी तेवढं वजन मागे राहतं. कॅनव्हासचे पातळ बूट नकोत, पेडलच्या रेघा त्यातूनही टोचतात. आणि ढगावर चालल्यासारखे मऊ रनिंग शूजही नकोत, त्यांच्यात पाय डुगडुगतो. खरेदी संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, आणि व्यायामाला जे मोजे घालणार तेच घालून. दुकानात पाच मिनिटं उभं राहून बोटं वर-खाली करा. बोटं बुटाच्या छताला लागली तर परत ठेवा.

लेस. नवी जोडी येईपर्यंत आहेत त्या बुटांवर हे करा. लेस पूर्ण काढा. बोटांकडची पहिली भोकांची जोडी रिकामी सोडा आणि दुसऱ्या जोडीपासून ओवायला सुरुवात करा. घोट्याकडे जाईपर्यंत तिरके फासे फक्त लागतील इतके, ओढायचे नाहीत. या तिरक्या लेसखाली बोट सरकलं पाहिजे. अगदी वर एक जास्तीचं भोक असतं, जे बहुतेक जण वापरतच नाहीत. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा. दोन्ही बाजूंना तसे फास झाले की उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओढायची आणि मग गाठ. टाच घट्ट धरली जाते, चवडा मोकळा राहतो, पाय पुढे सरकत नाही. तुमचा बूट मोठा आहे, त्यामुळे हा बदल तुम्हाला सगळ्यात जास्त जाणवेल.

जेल इनसोल: माझं मत नको. आधीच जागा कमी, त्यात ४-५ मिमीचा जेल घातला की बोटांची उंची तेवढी कमी होते. शिवाय जेलने दाब पसरतो, हाडांमधली फट काही उघडत नाही. ती उघडायची असेल तर मेटाटार्सल पॅड, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा उंचवटा. तो लावण्यात बरेच लोक चुकतात. दुखतं तिथे लावतात. लावायचा त्याच्या मागे. सोपी युक्ती: चवड्यावर तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मागे तळव्याकडून जी दोन गोल हाडं हाताला लागतात, त्यांच्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका द्या आणि मोजा न घालता बुटाच्या आतल्या तळावर एकदा पाय दाबून उचला. तळावर खूण उमटेल. पॅडचा पुढचा काठ त्या खुणेच्या टाचेकडच्या बाजूला अर्धा ते एक सेंटिमीटर मागे आला पाहिजे. ५ मिमी जाडीपासून सुरुवात करा. बरोबर बसला तर तळव्याच्या मधोमध आधार वाटतो आणि बोटं आपोआप जरा पसरतात. खडा गेल्यासारखं टोचत असेल तर तो पुढे लागलाय. काढून आणखी मागे.

चौथी_पायरी

पॅडबद्दल सुकतळा यांच्याशी सहमत, पण तो शेवटी. आधी लेस आणि पाऊल ठेवायची जागा. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि तीन महिन्यांनी परत सुरू झालं तर पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. एक बदल, तीन दिवस, वहीत चार आकडे: कितव्या मिनिटाला सुरू, कोणता पाय, कोणती बोटं, उतरल्यावर किती मिनिटांत गेलं. या शोधाच्या दिवसांत मात्र तुकडे करू नका, सलग करा, नाहीतर 'कितव्या मिनिटाला' याला अर्थ राहत नाही. बधीर व्हायला लागलं की उतरायचं.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांची वही:

पहिले तीन दिवस काही न बदलता मोजलं. उजवा पाय ११, १०, ११. गेलं ३ मिनिटांत.

मग मशीन. पाट्यांची भोकं दोन्हीकडे सारखी निघाली. पण मशीन खरंच डुगडुगत होतं, मागचा डावा पाय फरशीवर टेकतच नव्हता. खाली दुमडलेला पुठ्ठा सरकवला तर आरामात गेला. फिरकीने खाली आणला, चेकनट आवळला. स्ट्राइड मोजली, १४ इंच. मशीन स्थिर केल्यावर उजवा १३, १४, १३. डावा आता जाणवतच नाही.

मग लेस, सुकतळा यांनी सांगितली तशी. उजवा १९, २१, २०. शेवटचे तीन दिवस रेझिस्टन्स ३ आणि फेरे ६०: पहिल्या दिवशी २६, नंतरचे दोन दिवस तीस मिनिटं पूर्ण, शेवटी नुसत्या हलक्या मुंग्या.

चिमटीच्या चाचणीत वीज नाही गेली, दाबल्यासारखं वाटलं. बी१२ १८६ आलं. एचबीए१सी ५.५, टीएसएच नॉर्मल. आता प्रश्न: बी१२ कमी आहे म्हणजे कारण तेच होतं का? आणि पॅड लावू का?

स्टेथो

१८६ कमी आहे, उपचार घ्यायचेच. गोळ्या की इंजेक्शन आणि किती दिवस, हे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडून ठरवा. सोबत हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. मनाने नुसतं फोलिक अ‍ॅसिड सुरू करू नका, त्याने रक्ताचं चित्र सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालू राहू शकतं.

कारण तेच होतं का? लेस सैल केल्यावर तेरावरून विसाव्या मिनिटावर गेलं, आणि तोवर बी१२चा एक थेंबही पोटात गेलेला नव्हता. मुख्य कारण दाबच. पण ज्या मज्जातंतूला बी१२ कमी मिळतंय तो दाबाला लवकर कुरकुरू शकतो, म्हणून दोन्ही बाजू सांभाळा. आकडा वर यायला फार वेळ लागत नाही. मज्जातंतू सावरायला महिने लागतात. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून गोळ्या सोडू नका.

सुकतळा

तीस मिनिटं होतायत तर पॅड आत्ता नको. आधी स्वतःच्या मापाची जोडी घ्या. मुलाच्या बुटात पॅड बसवून जागा पक्की केली आणि मग बूट बदलला, तर कुंकवाचा ठिपका पुन्हा काढावा लागेल.

बेअरिंग

महिन्याने चेकनट परत तपासा, कंपनाने ढिले होतात. आणि फरशी पुसताना मशीन सरकवलं तर डुगडुग पुन्हा बघायची. जागा बदलली की फरशीचा उतार बदलतो.